झागना: ब्रह्मदेशातल्या दिग्दर्शक, कवी आणि विनोदवीराविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झागना म्हणजे नक्की कोण?

म्यानमारमधले, आपल्या जुन्या सवयीने बोलायचं तर ब्रह्मदेशातले, नट, चित्रपट दिग्दर्शक, कवी आणि सगळ्यात आधी विनोदवीर. जन्म २७ जानेवारी १९६१, यांगून, म्हणजे आपण रंगून म्हणतो ते शहर. लष्करी राजवटीची रंगमंचावर टर उडवली म्हणून, रस्त्यावर उतरलेल्या भिक्खूंची बाजू घेतली म्हणून आणि चक्रीवादळात सापडलेल्या गावांना मदत पोचवून तिथली हकिगत जगाला सांगितली म्हणून त्यांना पुन्हा पुन्हा तुरुंगात टाकण्यात आलं. सगळ्यात मोठी शिक्षा या तिसऱ्या कारणासाठी झाली. त्यांच्याविषयी बोलताना लोक हेच नेमकं विसरतात, म्हणून खाली त्यावर जास्त लिहिलं आहे.

हे त्यांचं खरं नाव आहे का?

नाही. खरं नाव माँग थुरा. झागना हे रंगमंचावरचं नाव, अर्थ चिमटा. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या स्पेलिंगमुळे मराठीत कधी कधी 'झारगनार' असंही छापलं जातं. माणूस तोच.

घरात लेखनाची परंपरा होती का?

होती, आणि चांगली भक्कम होती. वडील नान न्युन्त स्वे आणि आई ची ऊ हे दोघेही ब्रह्मदेशातले नावाजलेले लेखक. ज्या देशात १९६२ पासून, म्हणजे लष्कराने सत्ता घेतल्यापासून, प्रत्येक पुस्तक, प्रत्येक मासिक सरकारी तपासनिसाच्या टेबलावरून जात होतं, त्या देशात लेखकाच्या घरी वाढणं म्हणजे काय याचा विचार करावा. कुठलं वाक्य छापून येईल, कुठलं कापलं जाईल आणि कुठलं वाक्य दोन अर्थांनी लिहिलं की तपासनिसाच्या नजरेतून निसटेल, हे अशा घरातल्या मुलाला शाळेत शिकावं लागत नाही. झागनांच्या विनोदातली शब्दांची कसरत मला तरी या घराचाच वारसा वाटते.

ते दातांचे डॉक्टर होते म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. यांगूनच्या दंतवैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतलं. मात्र विद्यार्थी असतानाच मित्रांना घेऊन अन्येनचे, म्हणजे तिथल्या लोकरंगभूमीचे, प्रयोग सुरू केले आणि पुढे तोच व्यवसाय झाला.

ब्रह्मदेशात घरोघरी सांगितला जाणारा एक विनोद आहे, तो दंतवैद्याचाच. दात दुखतोय म्हणून एक माणूस सीमा ओलांडून थेट थायलंडला जातो. तिथला डॉक्टर विचारतो, तुमच्याकडे दातांचे डॉक्टर नाहीत का? माणूस म्हणतो, आहेत की, पण आमच्याकडे तोंड उघडायला बंदी आहे.

अन्येन हा काय प्रकार आहे?

ब्रह्मदेशातली जुनी लोकप्रिय रंगकला. मध्यभागी गाणारी आणि नाचणारी नर्तकी, मागे गोलाकार मांडलेल्या ढोलांचा ताफा आणि नाचाच्या मधल्या जागेत येणारे विनोदवीर. देवळांच्या जत्रा, लग्नं, मुलांच्या श्रामणेर दीक्षेचे समारंभ अशा ठिकाणी रात्रभर प्रयोग चालतात. मराठी वाचकाला तमाशातला सोंगाड्या आठवेल आणि तो आठवणं बरोबरच आहे. आजच्या गावच्या पुढाऱ्यावर, महागाईवर, ठाणेदारावर बोलायची मुभा परंपरेनेच त्याला दिलेली असते. प्रेक्षक नर्तकीला पाहायला येतात आणि घरी जाताना विनोदवीराची वाक्यं घेऊन जातात.

लष्करी राजवटीला ही मुभा खुपणं साहजिक होतं. लिहिलेल्या मजकुरावर आधी शिक्का मारता येतो, पण रात्री दोन वाजता समोरच्या गर्दीचा रंग बघून सुचलेल्या वाक्यावर शिक्का कोण मारणार? झागनांची ताकद इथे होती. पाठ केलेली संहिता ते बाजूला ठेवत, आणि उच्चारात किंचित फरक करून निरुपद्रवी वाक्याला दुसराच अर्थ देत. ऐंशीच्या दशकात त्यांच्या मंडळीने देशभर नाव कमावलं आणि टीव्हीवरही ते दिसू लागले.

नववर्षाच्या, म्हणजे थिंज्यानच्या, पाण्याच्या सणातही अशीच एक परंपरा आहे. तिला थांज्यात म्हणतात. एकाने ओळ म्हणायची आणि टोळीने एका सुरात उत्तर द्यायचं, विषय वर्षभरातल्या सरकारी गफलतींचा. लष्कराने तिच्यावर बंदी घातली आणि ती उठायला २०१३ साल उजाडलं. २०१९ मध्ये 'पीकॉक जनरेशन' या थांज्यात मंडळीतल्या तरुणांना लष्कराची थट्टा केली म्हणून पुन्हा तुरुंगात पाठवलं गेलं, तेही निवडून आलेलं सरकार असताना.

पहिली अटक कधी झाली?

ऑक्टोबर १९८८ मध्ये. त्या वर्षी ८ ऑगस्टला विद्यार्थी, कामगार, भिक्खू, सरकारी नोकर असे सगळे रस्त्यावर आले होते. १८ सप्टेंबरला लष्कराने सत्ता पुन्हा आपल्या हातात घेतली आणि गोळीबारात हजारो माणसं मारली गेली. झागना या उठावात सामील होते. सहा महिन्यांनी सुटका झाली.

१९९० मध्ये जनरलची नक्कल केल्याबद्दल पाच वर्षं शिक्षा झाली, हे कसं?

मे १९९० मध्ये निवडणूक होती, तीस वर्षांतली पहिली बहुपक्षीय निवडणूक. झागनांच्या आई ची ऊ स्वतः उमेदवार होत्या. १९ मे रोजी यांगूनमधल्या यान्किन अध्यापक महाविद्यालयाच्या मैदानावर हजारोंच्या गर्दीसमोर झागनांनी त्या वेळचे लष्करप्रमुख आणि देशाचे सर्वेसर्वा जनरल सॉ माँग यांची नक्कल केली. गर्दी हसली. काही दिवसांत अटक आणि पाच वर्षांची शिक्षा.

२७ मे रोजी मतदान झालं. लोकशाहीवादी नेत्या ऑंग सान सू ची यांच्या पक्षाने ३९२ जागा जिंकल्या आणि लष्कराने तो निकाल मान्यच केला नाही. म्हणजे नक्कल करणारा आत गेला आणि ज्याची नक्कल केली तो निकाल धाब्यावर बसवून खुर्चीत राहिला.

एकांतकोठडीत त्यांनी कविता लिहिल्या म्हणतात. कागद-पेन मिळत होतं का?

नाही. यांगूनच्या इन्सेन तुरुंगात राजकीय कैद्यांना वाचायला आणि लिहायला बंदी होती. झागनांना एकांतात ठेवलं होतं. मडक्याच्या खापराच्या तुकड्याने ते कोठडीच्या जमिनीवर ओळी कोरत, पाठ करत आणि पुसून टाकत. त्या काळातल्या कविता त्यांच्या स्मरणातून बाहेर आल्या. ब्रह्मदेशी काव्यात यमकाची आणि अक्षरांच्या साखळीची बांधणी घट्ट असते. अशी बांधणी पाठांतराला सोयीची. कैद्याच्या कवितेला याहून उपयोगी साधन दुसरं कुठलं असणार?

रंगमंचावर दुसऱ्यांना हसवणारा हा माणूस कवितेत मात्र फार हळू आवाजात बोलतो. एकटेपणा, शरीराची थकलेली अवस्था, घरची माणसं. दोन्हीकडचा लेखक एकच आहे हे लक्षात ठेवून वाचलं तर त्यांचे विनोदही वेगळे ऐकू येतात.

याचा मराठी माणसाशी काही संबंध लागतो का?

थेट संबंध नाही, पण ब्रह्मदेशातला तुरुंग आणि त्यातलं लेखन म्हटलं की आपल्याला मंडाले आठवणारच. लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ तिथे होते आणि 'गीतारहस्य' त्यांनी तिथेच लिहिलं. ब्रिटिशांनी टिळकांना शाई दिली नाही, पण पेन्सिल दिली. बांधलेल्या आणि पानांवर आकडे घातलेल्या वह्या दिल्या, आणि ग्रंथही मागवू दिले. ऐंशी वर्षांनंतर, स्वतंत्र झालेल्या ब्रह्मदेशाने स्वतःच्या कवीला पेन्सिलही दिली नाही. साम्राज्याच्या तुरुंगाचं कौतुक करण्याचा हेतू अजिबात नाही. लष्करी राजवट आपल्याच लोकांना किती घाबरत होती, हे मोजायला मात्र ही तुलना उपयोगी पडते.

सुटल्यावर चित्रपट कसे करता आले?

अडखळत. मार्च १९९४ मध्ये ते बाहेर आले तेव्हा लोकांसमोर प्रयोग करायला बंदी होती. मग मार्ग उरला कॅसेट आणि व्हिडिओचा. इथे ब्रह्मदेशाच्या चित्रपटधंद्याविषयी थोडं सांगायला हवं.

तो धंदा जुना आहे. पहिला ब्रह्मदेशी मूकपट १३ ऑक्टोबर १९२० रोजी ओन माँग यांनी दाखवला. पन्नास आणि साठच्या दशकांत यांगूनचे स्टुडिओ जोरात होते, १९५२ पासून राष्ट्रीय अकादमी पुरस्कार सुरू झाले. मग ने विन यांच्या समाजवादी लष्करशाहीने थिएटरं आणि वितरण सरकारजमा केलं. कच्ची फिल्म मिळेनाशी झाली. नव्वदच्या दशकात धंदा मुख्यतः व्हिडिओवर आला. थोडक्या दिवसांत चित्रीकरण उरकायचं, कॅसेट किंवा पुढे व्हीसीडी बाजारात सोडायची, आणि खेड्यातल्या चहाच्या दुकानात किंवा व्हिडिओ पार्लरमध्ये बाकांवर बसून लोकांनी ती बघायची. मोठा पडदा नसला तरी पोच प्रचंड होती.

झागनांनी या माध्यमात अभिनय केला, लिहिलं, दिग्दर्शन केलं. पण प्रत्येक कथा आणि प्रत्येक तयार चित्रफीत सेन्सॉरसमोर न्यावी लागे. गरिबी दाखवायची नाही, सरकारी कर्मचारी लाच घेताना दिसायचा नाही, भिकारी दिसायचा नाही. मे १९९६ मध्ये त्यांनी या सेन्सॉरशिपविरुद्ध जाहीर तोंड उघडलं आणि त्यांच्या सगळ्या कामावर बंदी आली. प्रयोग नाही, चित्रपट नाही, लेखन छापायचं नाही. पुढे काही काळ बंदी सैल झाली. मे २००६ मध्ये बीबीसीला दिलेल्या मुलाखतीनंतर ती पुन्हा घातली गेली, आणि या वेळी मुदतच नव्हती.

म्हणून दिग्दर्शक झागनांचं मोजमाप चित्रपटांच्या यादीवरून करू नये असं माझं ठाम मत आहे. त्यांच्या उमेदीची वर्षं राजवटीने खाल्ली. पंचविशी ते पन्नाशी हा दिग्दर्शकाचा खरा हंगाम. त्यातला मोठा भाग ते तुरुंगात किंवा बंदीखाली होते.

एकट्या झागनांनाच एवढा त्रास झाला का?

नाही. मंडालेच्या 'मुस्टॅश ब्रदर्स' या अन्येन मंडळीचं उदाहरण जगभर ठाऊक आहे. ४ जानेवारी १९९६ रोजी, स्वातंत्र्यदिनी, सू ची यांच्या घराच्या आवारात प्रयोग केला म्हणून पा पा ले आणि त्यांच्या साथीदाराला सात वर्षांची शिक्षा झाली आणि पायात बेड्या घालून दगड फोडायला पाठवलं. सुटल्यावर ही मंडळी मंडालेत आपल्या घरातच परदेशी पर्यटकांसमोर प्रयोग करू लागली. पा पा ले ऑगस्ट २०१३ मध्ये वारले.

२००७ च्या भिक्खूंच्या आंदोलनात त्यांची भूमिका काय होती?

ऑगस्ट २००७ मध्ये सरकारने इंधनाचे दर एका रात्रीत भडकवले. सप्टेंबरमध्ये हजारो भिक्खू शांतपणे चालू लागले. झागना, नट चॉ तू आणि कवी ऑंग वे यांनी कलावंतांना या भिक्खूंमागे उभं राहायचं आवाहन केलं आणि भिक्खूंना अन्नपाणी दिलं. बौद्ध समाजात भिक्खूला अन्न देणं हे रोजचं पुण्यकर्म. त्याच कारणाने झागनांना सप्टेंबरमध्ये पकडण्यात आलं आणि ऑक्टोबरमध्ये सोडलं.

चॉ तू यांच्याविषयी एक ओळ इथे लिहायलाच हवी. हा लोकप्रिय नट २००१ पासून यांगूनमध्ये गरिबांचे अंत्यसंस्कार मोफत करणारी संस्था चालवत होता आणि स्वतः शवपेटीला खांदा देत होता. झागनांच्या पिढीतल्या काही कलावंतांची ही रीत नीट पाहिली तर २००८ मध्ये जे झालं ते अचानक झालेलं नाही हे कळतं.

नर्गिस चक्रीवादळात त्यांनी नक्की काय केलं?

२ मे २००८ रोजी नर्गिस इरावतीच्या त्रिभुज प्रदेशावर आदळलं. मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे १,३८,००० माणसं. समुद्राचं पाणी सपाट भातशेतीत मैलोन्‌मैल आत घुसलं, गावंच्या गावं नाहीशी झाली, विहिरी खारट झाल्या. आणि अशा वेळी लष्करी सरकारने परदेशी मदतगटांना व्हिसा रोखून धरले, मदत घेऊन आलेल्या परदेशी जहाजांना किनाऱ्याला लागू दिलं नाही. १० मे रोजी ठरल्याप्रमाणे नव्या राज्यघटनेवर सार्वमतही उरकलं. वादळाने उद्ध्वस्त झालेल्या भागात ते फक्त दोन आठवडे पुढे ढकललं, आणि एकूण ९२ टक्क्यांहून जास्त लोकांनी होकार दिला असं जाहीर केलं.

सरकार येत नाही म्हटल्यावर यांगूनमधली माणसं स्वतः निघाली. झागनांनी आपल्या ओळखीतले नट, गायक, लेखक, पत्रकार, विद्यार्थी जमवले. सुमारे ४०० जणांचे छोटे छोटे गट केले. कोणाकडे तांदूळ, कोणाकडे पिण्याचं पाणी, कोणाकडे औषधं, ताडपत्री, चादरी. रस्ता संपेल तिथून होडीने पुढे जायचं आणि जिथे अजून कोणीच पोचलेलं नाही अशा गावांत आधी जायचं. पैसा लोकांनीच दिला.

हे काम चालू असताना ते परदेशी वार्ताहरांशी फोनवर बोलत होते. किती गावांना काहीच मिळालेलं नाही, प्रेतं अजून पाण्यात कशी पडली आहेत, अधिकारी कुठे अडवतात, हे स्वतःचं नाव न लपवता सांगत होते. सरकारी टीव्हीवर त्याच वेळी नीटनेटक्या तंबूंसमोर उभे असलेले सेनाधिकारी दिसत होते.

४ जून २००८ च्या रात्री पोलीस घरी आले. संगणक नेला, वादळाच्या नुकसानीची चित्रफीत नेली, आणि सर्वोच्च सेनानी थान श्वे यांच्या मुलीच्या लग्नाची चित्रफीतही. हिऱ्यांनी मढलेल्या नवरीची ती दृश्यं २००६ मध्ये बाहेर फुटली होती आणि लोकांचा संताप झाला होता.

हे सगळं वाचून मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. राजवटीला नक्कल सहन होत नव्हती, पण त्यासाठी पाच वर्षं पुरेशी वाटली. ४०० माणसं परवानगी न विचारता एकत्र येतात, काम वाटून घेतात, हिशेब ठेवतात आणि खरं बोलतात, याची तिला कितीतरी जास्त भीती वाटली. आता शिक्षेचे आकडे बघा.

५९ वर्षांची शिक्षा खरंच झाली होती?

हो. २१ नोव्हेंबर २००८ रोजी इन्सेन तुरुंगाच्या आवारातल्या न्यायालयाने मुख्यतः इलेक्ट्रॉनिक्स कायद्याखाली ४५ वर्षं दिली. हा २००४ चा कायदा. परवानगीशिवाय ईमेल किंवा व्हिडिओने माहिती बाहेर पाठवणं त्यात गुन्हा ठरत असे. आठवड्याभरात आणखी १४ वर्षं वाढवली. त्यांच्याबरोबर मदतकार्यात असलेले क्रीडापत्रकार झॉ तेत त्वे यांनाही लांब शिक्षा झाली. फेब्रुवारी २००९ मध्ये वरच्या न्यायालयाने झागनांची शिक्षा ३५ वर्षांवर आणली. तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते.

त्यांना ठेवलं म्यितचिनाच्या तुरुंगात, देशाच्या अगदी उत्तरेला कचिन राज्यात, यांगूनपासून हजार किलोमीटरहून जास्त दूर. राजकीय कैद्यांना घरापासून लांबवर टाकणं ही तिथली जुनी पद्धत. तुरुंगाचं अन्न पुरेसं नसतं, औषधं घरच्यांनी आणायची असतात, आणि भेटीला पोचायलाच काही दिवस आणि महिन्याची कमाई जाते. म्हणजे शिक्षा कुटुंबालाही.

जगाला त्यांच्याविषयी कसं कळलं?

ब्रिटिश माहितीपटकार रेक्स ब्लूमस्टीन यांनी २००७ मध्ये यांगूनमध्ये त्यांची मुलाखत चित्रित केली होती. त्यात ते बंदीविषयी, तुरुंगाविषयी मोकळेपणाने बोलतात. ३५ वर्षांच्या शिक्षेची बातमी आल्यावर ब्लूमस्टीन जर्मन विनोदवीर मिखाएल मिटरमायर यांना घेऊन पुन्हा ब्रह्मदेशात गेले. एक विनोदवीर दुसऱ्या, कधीही न भेटलेल्या विनोदवीराला शोधतो, अशी त्या माहितीपटाची रचना आहे. नाव 'धिस प्रिझन व्हेअर आय लिव्ह', साल २०१०.

त्याआधी १९९१ मध्ये त्यांना छळ सोसणाऱ्या लेखकांसाठीचा हेलमन-हॅमेट पुरस्कार आणि २००८ मध्ये कॅनडाच्या पेन या लेखकसंघटनेचा सन्मान मिळाला होता. दोन्ही वेळा ते घ्यायला जाऊ शकले नाहीत. कारण सांगायची गरज नाही.

२०११ मध्ये सुटल्यावर त्यांनी काय केलं?

१२ ऑक्टोबर २०११ रोजी माफी मिळालेल्या कैद्यांत ते होते. हजारो कैदी सुटले, पण त्यांत राजकीय कैदी दोनशेच्या आसपासच. त्यांचे अनेक सहकारी आतच होते आणि सुटल्यानंतरच्या मुलाखतींत ते आधी त्यांच्याविषयीच बोलत राहिले.

तीन महिन्यांच्या आत त्यांनी यांगूनमध्ये एक चित्रपट महोत्सव भरवला. नाव 'आर्ट ऑफ फ्रीडम', विषय स्वातंत्र्य. ३१ डिसेंबर २०११ पासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत. सू ची यांचा आश्रय होता, आणि दिग्दर्शक मिन टिन को को जी बरोबरीने राबत होते. सेन्सॉरची मंजुरी न घेता लघुपट दाखवायचे ठरले आणि दाखवले गेले. लोकांनी रांगा लावल्या. सगळ्यात गाजला तो टुन झॉ विन (चित्रपटसृष्टीतलं नाव वाइन) यांचा 'बॅन दॅट सीन' हा लघुपट. त्यात सेन्सॉर मंडळाचे सभासद एका खोलीत बसून एकेक दृश्य कापत जातात, आणि कापायची कारणं ऐकून प्रेक्षक हसून बेजार होतात. ज्या मंडळाने अर्धं शतक सगळ्यांच्या कामाला कात्री लावली, तेच मंडळ पडद्यावर उघडं पडलं.

झागनांच्या दिग्दर्शकीय आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम मी याच महोत्सवाला म्हणेन, जरी त्यातला गाजलेला लघुपट त्यांचा नव्हता. साधा कॅमेरा घेऊन आलेल्या पोरांना त्यांनी पडदा दिला. पुढच्या दशकात ब्रह्मदेशातून आलेल्या लघुपटांची आणि माहितीपटांची लाट बघितली तर हे बी कुठे पडलं ते कळतं. ऑगस्ट २०१२ मध्ये छापील मजकुराची पूर्वतपासणी सरकारने रद्द केली. चित्रपटांचं सेन्सॉर मंडळ मात्र राहिलं.

मिन टिन को को जी कोण?

झागनांचे सहकारी, स्वतः दिग्दर्शक, लेखक आणि कवी. २०१३ मध्ये त्यांनी यांगूनमध्ये मानवी हक्कांवरचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू केला आणि तो गावोगावी नेला. जून २०१६ मध्ये, नवं लोकनियुक्त सरकार आल्यावरही, त्याच महोत्सवाच्या उद्घाटनाचा चित्रपट सेन्सॉरने ऐन वेळी रोखला. शान संस्थानिकाशी लग्न केलेल्या ऑस्ट्रियन तरुणीची ती खरी कहाणी होती. संस्थानिक १९६२ च्या लष्करी उठावानंतर नाहीसा झाला, आणि नेमकं तेवढंच दाखवायचं नव्हतं.

एप्रिल २०१९ मध्ये, फेसबुकवर लष्कराच्या राजकारणातल्या भूमिकेवर आणि २००८ च्या राज्यघटनेवर टीका केली म्हणून एका सेनाधिकाऱ्याच्या तक्रारीवरून त्यांना अटक झाली. यकृताच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली असूनही जामीन मिळाला नाही. ऑगस्टमध्ये एक वर्ष सक्तमजुरी, फेब्रुवारी २०२० मध्ये सुटका. सू ची यांच्या सरकारच्या काळात हे घडलं, ही गोष्ट त्या सरकारच्या चाहत्यांनीही नजरेआड करू नये.

झागनांवर टीका होते का?

होते. २०१२ मध्ये राखाइन राज्यातल्या हिंसाचाराची चौकशी करायला राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनी आयोग नेमला, त्यात झागना सभासद होते. ज्यांनी तुरुंगात टाकलं त्यांच्याच व्यवस्थेत बसायचं का, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला. त्याच सुमारास स्वातंत्र्यनेते ऑंग सान यांच्यावरच्या मोठ्या चित्रपटाच्या तयारीत ते पुढे होते, आणि ते काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. तरी आयोगाबाबत मला वाटतं, आत जाऊन बोलता येईल असं वाटण्याचा तो काळच होता आणि तसं वाटणारे ते एकटे नव्हते.

२०२१ च्या लष्करी उठावानंतर त्यांचं काय झालं?

१ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे लष्कराने सत्ता घेतली. मंत्री-खासदारांबरोबर लेखक आणि कलावंतांनाही त्याच दिवशी उचललं, त्यांत मिन टिन को को जी होते. झागनांना ६ एप्रिलला यांगूनमधून अटक झाली. त्याच दिवसांत नट, गायक, मॉडेल, दिग्दर्शक यांची नावं सरकारी टीव्हीवर रोज रात्री वॉरंटसह झळकत होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये मोठ्या संख्येने कैदी सोडले तेव्हा झागना बाहेर आले. वयाची साठी त्यांनी जानेवारीत पूर्ण केली होती.

विनोदवीराला लेखक का म्हणायचं?

कारण तो लिहितो. अन्येनमधलं प्रहसन, व्हिडिओची पटकथा, कोठडीतली कविता, वर्तमानपत्रातला स्तंभ, सगळं त्यांनी लिहिलं. जगभरच्या लेखकसंघटनांनी त्यांची सुटका लेखक म्हणूनच मागितली. रंगमंचावर बोललेल्या वाक्याला छापलेल्या वाक्यापेक्षा कमी लेखण्याची सवय आपल्याकडेही आहे. आपल्याच लोकरंगभूमीचे कितीतरी लेखक त्या सवयीपायी विस्मरणात गेले.

त्यांच्या कामाची ओळख करून घ्यायची तर सुरुवात कुठून करावी?

ब्रह्मदेशी भाषा येत नसेल तर अन्येनच्या ध्वनिचित्रफितींपासून करू नका, विनोद निम्म्याहून जास्त शब्दांत आहे आणि तो हातातून निसटेल. आधी ब्लूमस्टीनचा माहितीपट बघा. त्यात झागनांचा चेहरा, आवाज, विनोद सांगताना मध्येच थांबण्याची लकब, सगळं दिसतं. मग इंग्रजी अनुवादात आलेल्या तुरुंगातल्या कविता वाचा, त्या छोट्या आहेत. त्यानंतर 'बॅन दॅट सीन' बघा आणि २०११ नंतरच्या तरुण ब्रह्मदेशी माहितीपटकारांकडे वळा. त्यांच्यातले बरेच जण आता देशाबाहेर आहेत, आणि काही जण अजून आतूनच, नाव न लावता, चित्रीकरण करत आहेत.